वाचकांचे प्रश्न : प्लॅटफॉर्मवर उलथापालथ झाली तर आपल्या ग्रुपने काय करायचं?

मागच्या अंकात रेडिट ह्या चर्चांच्या साइटवरच्या जून २०२३ च्या बंदचा मी जाता जाता उल्लेख केला होता आणि त्यावर एवढ्या मेल आल्या की यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून ह्याच प्रश्नांना जागा देतेय. पेनं, बागकाम, रेल्वे, क्रोशे, छंद प्रत्येकाचा वेगळा आहे पण काळजी सगळ्यांची एकच, की ज्या कंपनीच्या जागेवर आपण जमतो तिथेच गडबड झाली तर काय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून फक्त गाव देतेय.

प्रश्न : ताई नमस्कार, मला फाउंटन पेनांचा नाद आहे आणि रेडिटवरच्या एका पेनांच्या ग्रुपमध्ये मी रोज असायचो. २०२३ च्या जूनमध्ये तो अचानक बंद, आत जाताच येईना. राग कंपनीवर होता तर शिक्षा आम्हाला का? आणि दोन दिवस कुलूप लावून कंपनीचं काय वाकडं झालं? (वाचक, सातारा)

उत्तर : तुमचा राग मला कळतो, पण आधी काय झालं होतं ते सांगते. रेडिट २००५ पासून चालू आहे आणि तिथल्या हजारो ग्रुपचे जे मॉडरेटर, म्हणजे ग्रुपवर लक्ष ठेवून नियम सांभाळणारे, आहेत त्यांना पगार नाही, सगळे हौसेने करतात. त्यातले बरेच जण कंपनीचं स्वतःचं अॅप वापरत नव्हते, बाहेरच्या लोकांनी बनवलेली अपोलो, सिंक, बेकनरीडर, 'रेडिट इज फन' अशी अॅप्स वापरायचे कारण त्यात कामं पटापट व्हायची. ही अॅप्स रेडिटवरची माहिती घ्यायची ती एपीआय नावाच्या सोयीतून, आणि ती सोय वर्षानुवर्षं फुकट होती. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने सांगितलं की आता पैसे लागतील, आणि ३१ मेला अपोलो बनवणाऱ्या क्रिस्टियन सेलिगने आकडाच जाहीर केला, पाच कोटी रिक्वेस्टना (रिक्वेस्ट म्हणजे अॅपने रेडिटकडे एकदा माहिती मागणं) १२,००० डॉलर. त्याच्या अॅपवरून महिन्याला सातशे कोटी रिक्वेस्ट जायच्या, म्हणजे वर्षाचं बिल दोन कोटी डॉलरच्या घरात, आणि हे सगळं १ जुलैपासून लागू. एका माणसाच्या अॅपला हे झेपणं शक्यच नव्हतं.

कंपनीची बाजू पण सांगायला हवी. एआय बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या रेडिटवरचं लिखाण फुकटात उचलत होत्या आणि त्यांच्याकडून पैसे घेऊ असं रेडिटचं म्हणणं होतं, त्यात मला काही गैर दिसत नाही. पण त्या एकाच दरात छोटे अॅपवाले भरडले गेले आणि महिनाभराचीच मुदत, हे चुकलंच असं माझं स्पष्ट मत आहे.

मग १२ ते १४ जून बंद ठरला आणि आठ हजारांच्या आसपास ग्रुप त्यात उतरले. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या बंदसाठी काढलेलं आवाहन. एकच मजकूर हजारो ग्रुपमध्ये जसाच्या तसा फिरला, त्यात काय होतंय ते सोप्या भाषेत लिहिलं होतं, तक्रार कुठे करायची ते होतं, त्या दोन दिवसांत रेडिटवर यायचंच नाही हे होतं, आणि शेवटी एक मुद्दा मुद्दाम टाकला होता की धमक्या, शिव्या, तोडफोड यातलं काहीही करू नका, त्याने लोक आपल्या बाजूला येणार नाहीत, जितकं संयमाने, सभ्यपणे आणि कायद्यात राहून वागता येईल तितकं वागा. ज्यांच्या हातातली साधनं हिसकावली जात होती त्यांनी हे लिहिलंय, आणि ऐन रागात लिहिलंय. मला ह्या लोकांबद्दल खूप आदर वाटतो.

आता काय वाकडं झालं. दर कमी झाला नाही. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना कळवलं होतं की हे वादळही आधीच्यांसारखं निघून जाईल, आणि ३० जूनला अपोलोसकट बरीच अॅप्स बंद पडली. ज्या ग्रुपनी दोन दिवसांनंतरही दार उघडलं नाही त्यांच्या मॉडरेटरना काढून टाकण्याचा इशारा मिळाला, काहींना काढलंही. पण हातात काहीच पडलं नाही असं नाहीये, नफ्यासाठी नसलेली आणि अपंगांच्या उपयोगाची जी अॅप्स होती त्यांना सूट मिळाली (त्याबद्दल खाली एक पत्र आहे). आणि रोज तासन्‌तास फुकट काम करणारी माणसं असतात म्हणून हे ग्रुप चालतात, ही गोष्ट ज्यांनी कधी विचारातही घेतली नव्हती अशा असंख्य मेंबरना ती त्या दोन दिवसांत कळली.

तुमची एक तक्रार मात्र शंभर टक्के बरोबर आहे, काही ग्रुप मेंबरना न विचारता बंद झाले. तसं व्हायला नको होतं. बऱ्याच ग्रुपनी आधी मतदान घेतलं होतं, काहींनी नंतर घेतलं. फोटोंच्या एका भल्यामोठ्या ग्रुपमध्ये तर परत उघडताना मेंबरनी मतदान करून ठरवलं की आता इथे फक्त जॉन ऑलिव्हर ह्या टीव्हीवरच्या माणसाचे फोटो टाकायचे, नियम मोडायचा नाही आणि निषेधही चालू ठेवायचा, आणि त्या ऑलिव्हरने स्वतःहून आपले फोटो पुरवले! इतिहासाच्या प्रश्नांचा आस्कहिस्टोरियन्स नावाचा ग्रुप आहे, त्यांनी नवे प्रश्न घेणं काही काळ थांबवलं पण का थांबवलं, आपल्या कामात कुठली साधनं लागतात, ती गेली तर काय अडेल हे सविस्तर लिहून समोर ठेवलं. तुमच्या पेनांच्या ग्रुपने एवढं केलं असतं तर तुम्हाला दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटलं नसतं.

प्रश्न : मी गच्चीवरच्या बागेचा एक मराठी ग्रुप चालवते, एका मोठ्या प्लॅटफॉर्मवर. तिथे हल्ली काहीतरी बदललंय, आमच्या मेंबरना आमच्याच पोस्ट दिसत नाहीत, मोगऱ्यावर मावा पडला म्हणून कोणी फोटो टाकला तर उत्तर आठ दिवसांनी येतं. काही मेंबर म्हणतात कंपनीच्या पेजवर जाऊन प्रत्येक पोस्टखाली शिव्या घाला. मी नको म्हटलं तर मला कंपनीची चमची म्हणाले. काय करू? (वाचिका, नाशिक)

उत्तर : चमची म्हणाले ते सोडून द्या, जो मधे उभा राहतो त्याला दोन्हीकडून ऐकावं लागतंच. पण तुम्ही नको म्हटलंत ते अगदी योग्य केलंत आणि कारण नुसतं संस्काराचं नाहीये. त्या पेजवरच्या कमेंट वाचणारा जो कोणी असतो तो पगारावरचा पोरगा किंवा पोरगी असते, पोस्ट कोणाला दाखवायची हे त्याने ठरवलेलं नसतं, आणि शंभर शिव्यांमध्ये तुमची मुद्द्याची एक तक्रार असेल तर ती शिव्यांबरोबरच डिलीट होते.

मात्र सभ्य वागायचं म्हणजे गप्प बसायचं असं मी अजिबात सांगत नाहीये. अपोलोवाल्या सेलिगचंच बघा. त्याने कंपनीला धमकी दिली असा आरोप झाला तेव्हा तो भांडत बसला नाही, फोनवर जे बोलणं झालं होतं त्याचं रेकॉर्डिंगच त्याने लोकांसमोर ठेवलं, ऐका आणि तुम्हीच ठरवा. आणि अॅप बंद करताना वर्षाचे पैसे भरलेल्या लोकांना परतावा द्यायचा होता, तो आकडा अडीच लाख डॉलरच्या आसपास जात होता, तर ज्याला परतावा नको असेल त्याने तसं सांगावं असा एक पर्याय त्याने अॅपमध्ये दिला. कोणावर जबरदस्ती नाही, रडारड नाही, आणि लोकांनी आपणहून पैसे सोडले.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात तोडगा निघाला. स्टॅक एक्स्चेंज म्हणून प्रश्नोत्तरांच्या साइट आहेत, प्रोग्रॅमिंगची सगळ्यांना माहीत असते पण स्वयंपाकाची आहे, सायकलींची आहे, तुमच्या बागकामाचीसुद्धा आहे. तिथे २०२३ मध्येच कंपनीने मॉडरेटरना सांगितलं की एआयने लिहिल्यासारखी वाटतात म्हणून उत्तरं काढून टाकू नका. मॉडरेटरचं म्हणणं होतं की असं केलं तर चुकीच्या उत्तरांचा नुसता ढीग होईल. ५ जूनला त्यांनी काम थांबवलं, उघड पत्र लिहिलं, त्यात मागण्या लिहिल्या, ज्यांना पटलं त्यांनी सह्या केल्या, आणि आपल्यातले काही जण कंपनीशी बोलायला नेमले. साइटची मोडतोड कोणी केली नाही, फक्त रोजची साफसफाई करायची थांबवली. ऑगस्टच्या सुरुवातीला तडजोड झाली आणि संप मिटला. दोन महिने लागले, पण झालं.

गणपती मंडळाला हॉल दुसऱ्याच्या मालकीचा मिळतो आणि कार्यकर्ते आपले असतात, तसंच तुमचं आहे, हॉलवाल्याने नियम बदलले तर अध्यक्ष एकटा जाऊन बोलत नाही, चारजण मिळून एक अर्ज घेऊन जातात. तुम्हीही तेच करा. सगळ्यात जास्त गुरगुरणारा जो मेंबर आहे ना, त्यालाच कामाला लावा, किती पोस्ट टाकल्या, किती जणांना दिसल्या, उत्तर यायला किती दिवस लागले ह्याची महिनाभराची नोंद ठेवायला सांगा. अॅडमिनला पोस्ट किती जणांनी पाहिली ते बहुतेक ठिकाणी दिसतंच. रागाला काम मिळालं की तो बराच शांत होतो हा माझा अनुभव आहे. मग ती नोंद जोडून तक्रार करा, तीच तक्रार ग्रुपमध्ये वर पिन करून ठेवा म्हणजे प्रत्येकाला दिसेल की अॅडमिन झोपलेली नाही. उत्तर आलं तर तेही जसंच्या तसं तिथेच टाका, आवडो न आवडो.

प्रश्न : मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचतो. असल्या भांडणात आमच्यासारख्यांचा विचार कोणी करतं का? (वाचक, ठाणे)

उत्तर : त्या वेळी झाला, आणि तो तुमच्यासारख्याच लोकांनी करायला लावला. रेडिटवर अंध लोकांचा एक ग्रुप आहे, तिथले बरेच मॉडरेटर स्वतः अंध आहेत आणि रेडिटचं स्वतःचं अॅप स्क्रीन रीडरबरोबर नीट चालत नव्हतं म्हणून सगळी भिस्त बाहेरच्या अॅप्सवर होती. त्यांनी नेमकं कुठलं बटण वाचलं जात नाही, कुठलं मॉडरेशनचं काम करताच येत नाही हे एकेक करून मांडलं. बाकीच्या शेकडो ग्रुपनी, ज्यांचा अंधत्वाशी काही संबंध नाही अशांनी, आपल्या निवेदनात हा मुद्दा उचलला. कंपनीने नफ्यासाठी नसलेल्या, अपंगांच्या उपयोगाच्या अॅप्सना सूट दिली, त्यामुळे रेडरीडर, डिस्टोपिया आणि लूना ही तीन वाचली. अंधांच्या ग्रुपचं एवढ्यावर समाधान झालं नाही आणि ते साहजिक आहे, ते कंपनीबरोबरच्या मीटिंगला बसत राहिले, तिथे काय झालं ते मेंबरना लिहून कळवत राहिले, आणि त्याच वेळी त्यांनी लेमी नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरवर स्वतःची वेगळी जागाही उभी केली. बोलणीही चालू आणि दुसरं घरही तयार. सगळ्यांनी बघून शिकावं असं हे काम आहे आणि ज्यांना सगळ्यात जास्त त्रास होणार होता त्यांनी ते केलंय.

प्रश्न : बाबा रेल्वेवेडे आहेत. याहू ग्रुप्सवरच्या जुन्या चर्चा, इंजिनांच्या नंबरांच्या याद्या, स्कॅन केलेली टाइमटेबलं, सगळं गेलं म्हणून अजून हळहळतात. आता ते एका नव्या ठिकाणी रोज लिहितात, तेही जाईल का? (वाचिका, पुणे)

उत्तर : जाऊ शकतं, हे खोटं कशाला सांगू. याहूने ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगितलं की ग्रुपवरचा सगळा साठा डिसेंबरच्या मध्यावर पुसणार, म्हणजे वीस वर्षांच्या साठ्याला दोन महिने. जगभरातल्या छंदवाल्यांनी तेव्हा धाव घेतली, आर्काइव्ह टीम नावाचे स्वयंसेवक जमेल तेवढं उतरवून घ्यायला लागले, त्यांची खाती मधेच बंद केली गेली, तरी लोकांनी विनंत्या चालूच ठेवल्या आणि डाउनलोडची मुदत ३१ जानेवारी २०२० पर्यंत वाढली. डिसेंबर २०२० मध्ये ग्रुप्स पूर्ण बंद. अनेक ग्रुप ग्रुप्स डॉट आयओ नावाच्या दुसऱ्या साइटवर गेले आणि शांतपणे पुन्हा सुरू झाले.

त्याआधी २०१७ मध्ये तर फोटोबकेट ह्या फोटो साठवायच्या साइटने एका फटक्यात दुसऱ्या साइटवर फोटो दाखवायचे असतील तर वर्षाला ३९९ डॉलर भरा असं केलं, आणि मॉडेल रेल्वे, जुन्या गाड्यांची दुरुस्ती, विणकाम अशा कितीतरी साइटवरच्या जुन्या पोस्टमध्ये फोटोच्या जागी नुसती पैशाची सूचना दिसायला लागली. कार्ब्युरेटर कसा उघडायचा ते पायरी पायरीने लिहिलंय आणि एकही चित्र दिसत नाही, त्या लिखाणाचा काय उपयोग! त्या मानाने गुगलने ऑर्कुट ही आपली सोशल साइट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद केली तेव्हा जरा बरं वागले, आपला डेटा उतरवून घ्यायला दोन वर्षं दिली. आपल्याकडच्या कितीजणांनी घेतला हा प्रश्न वेगळा, मला वाटतं फारच थोड्यांनी.

बाबांना विचारा, त्यांना आयआरएफसीए नक्की माहीत असेल. १९८९ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या काही भारतीय मुलांनी ई-मेलवर सुरू केलेला भारतीय रेल्वेवेड्यांचा हा गट. त्यांनी वर्षानुवर्षांच्या गप्पांमधून कामाची माहिती निवडून, नीट लावून, एफएक्यू, म्हणजे नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं, म्हणून स्वतःच्या वेबसाइटवर ठेवली, सिग्नलपासून इंजिनांच्या वर्गापर्यंत. गप्पा कुठल्याही कंपनीच्या जागेवर होऊ देत, त्यातलं सार आपल्या जागेवर. मायबोली १९९६ पासून मराठीत चालू आहे तीही कोणा मोठ्या प्लॅटफॉर्मच्या आत नाही, स्वतःच्या पायावर, म्हणून मधल्या काळात ऑर्कुट आलं आणि गेलं तरी तिथलं लिखाण वाचायला मिळतं.

बाबांसाठी एवढं करा. त्यांच्या फोटोंच्या मूळ फाइल घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, फाइलच्या नावात तारीख आणि स्टेशन असू दे. ते ज्या मोठ्या पोस्ट लिहितात त्या आधी वर्डमध्ये लिहून मग तिकडे चिकटवायला सांगा. त्या साइटवर 'माझा डेटा डाउनलोड करा' असा पर्याय असतो तो वर्षातून एकदा वापरा. आणि दुसऱ्याने लिहिलेलं उतरवून दुसरीकडे टाकायचं असेल तर त्या माणसाला विचारा, बाबांच्या पिढीतले लोक हे मनाला लावून घेतात आणि ते बरोबरच आहे.

प्रश्न : आमच्या क्रोशेच्या ग्रुपचे दोन तुकडे झालेत. निम्म्या जणी नव्या अॅपवर गेल्या आणि इथे राहिलेल्यांना लाचार म्हणतात, इथल्या त्यांना पळपुट्या म्हणतात. मी दोन्हीकडे आहे आणि मला दोन्हीकडे नको झालंय. (वाचिका, मडगाव)

उत्तर : हे वाचून वाईट वाटलं. जानेवारी २०२१ आठवतोय का, व्हॉट्सअॅपने नव्या प्रायव्हसी धोरणाला ८ फेब्रुवारीच्या आत हो म्हणा असं सांगितलं आणि घराघरातले ग्रुप सिग्नल, टेलिग्रामवर पळाले. नंतर ती तारीख १५ मेपर्यंत पुढे गेली आणि बरेच जण परत आले, काही तिकडेच राहिले. कोणाला कंपनीचा भरवसा वाटत नव्हता, कोणाच्या आईला नवीन अॅप जमत नव्हतं, कोणाचे ऑर्डर देणारे गिऱ्हाईक जुन्याच जागी होते. यात लाचार कोण आणि पळपुटं कोण?

एलॉन मस्कने ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर ४,४०० कोटी डॉलरला घेतलं त्यानंतर आकाशनिरीक्षण करणारे, पक्षी बघणारे, विणकाम करणारे असे कितीतरी जण मॅस्टोडॉनवर, म्हणजे ट्विटरसारख्याच पण कोणा एका कंपनीच्या नसलेल्या जागेवर, गेले. जाताना पुष्कळांनी प्रोफाइलमध्ये नवा पत्ता लिहून ठेवला आणि जुनं खातं तसंच राहू दिलं, मला वाटतं निघण्याची ही फार चांगली रीत आहे, कोणाला टोमणा नाही आणि ज्याला यायचंय त्याला रस्ता माहीत. तिकडे आधीपासून असलेल्यांच्या काही सवयी होत्या, फोटोखाली वर्णन लिहायचं म्हणजे न दिसणाऱ्यांनाही कळतं, नव्या आलेल्यांनी त्या शिकून घेतल्या, सगळ्यांनी नाही पण बऱ्याच जणींनी.

तुम्ही दोन्हीकडे आहात ना, मग तुम्हीच हे करू शकता. दोन्ही ठिकाणी एकच विणायचा नमुना द्या, समजा दिवाळीच्या तोरणाचा, आणि तयार झालेले फोटो दोन्हीकडे टाका, नाव लिहून, की हे अमकीचं, तिकडचं आहे. टाक्यांबद्दल बोलायला लागल्या की लाचार आणि पळपुट्या हे शब्द मागे पडतील. आणि तरी कोणी बोललंच तर अॅडमिनला सांगून एक नियम करून घ्या, इथे नसलेल्या बाईबद्दल इथे बोलायचं नाही.

प्रश्न : कंपनीला पत्र लिहायचं तर मराठीत लिहू की इंग्रजीत? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्हीत. मराठीत आधी लिहा कारण ग्रुपमधल्या प्रत्येकाला ते वाचून सही करता आली पाहिजे, मग त्याचं इंग्रजी करून दोन्ही एकत्र पाठवा. मोठ्या कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता साइटवर दिलेला असावा असं २०२१ चे आयटी नियम सांगतात, तिथेच पाठवा, म्हणजे पोच मिळेल. पानभराच्या वर नको, मागणी एकच ठेवा, स्क्रीनशॉट जोडा, आणि मेंबरांचे फोन नंबर त्यात टाकू नका.